मनगटाची वाट आणि न मांडलेला हिशेब

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला भेटायला आलेले नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात: स्टेंट किती टाकले, आणि हातातून केली की पायातून. पहिल्याचे उत्तर बिलावर असते, कारण स्टेंटची किंमत, त्याचे नाव, बनवणारी कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा दाखवणे २०१७ पासून रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दुसऱ्याचे उत्तर रुग्णाच्या मनगटावर किंवा जांघेत उरलेल्या खुणेपलीकडे कोणी शोधत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला पाहिजे. सरकारी पैशाने होणारी प्रत्येक अँजिओप्लास्टी कोणत्या रोहिणीतून झाली, जांघेतून झाली असेल तर कोणत्या कारणाने, आणि त्यानंतर रुग्णाला रक्तस्राव झाला का, याचे आकडे रुग्णालयनिहाय लोकांसमोर आले पाहिजेत.

हृदयाच्या रोहिणीपर्यंत नळी न्यायची तर शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या रोहिणीतून आत शिरावे लागते. जांघेतली फेमोरल रोहिणी चांगली जाड असते, तिच्यात सुई घालणे सोपे असते आणि मोठ्या नळ्याही तिच्यातून सहज जातात, म्हणून कित्येक वर्षे तीच राजमार्ग ठरली. पण ती खोल असते, शेजारी मोठी शीर आणि मज्जातंतू असतात, आणि सुई थोडी वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपत राहते. बाहेर काहीच दिसत नाही. रुग्ण कंबर दुखते म्हणतो, अस्वस्थ होतो, त्याला घाम फुटतो, रक्तदाब उतरू लागतो, आणि हा त्रास हृदयाचाच असावा असे समजून मौल्यवान वेळ निघून जाऊ शकतो. मनगटातली रेडियल रोहिणी याच्या अगदी उलट आहे. ती कातडीखाली लगेच लागते, तिच्यामागे हाड असल्यामुळे बोटाने दाबले तरी रक्त थांबते, आणि तळहाताला अल्नर या दुसऱ्या रोहिणीतूनही रक्त मिळत असल्याने ती बंद पडली तरी हात सहसा धोक्यात येत नाही.

अँजिओप्लास्टीच्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन, त्याच्या जोडीला रक्तकणिका चिकटू न देणारे दुसरे औषध आणि प्रत्यक्ष प्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू न देणारे हेपरिन दिलेले असते, हे ध्यानात घेतले की या फरकाचे वजन कळते. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य तालुक्यांत कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची सुसज्ज खोली, नाही. त्यामुळे हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला जवळच्या रुग्णालयात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग रुग्णवाहिकेने शहरात पाठवले जाते. तो कॅथलॅबच्या टेबलावर येतो तेव्हा त्याचे रक्त गोठण्याची शक्ती मुद्दाम क्षीण केलेली असते. अशा माणसाच्या जांघेत छिद्र पाडण्याआधी दोनदा विचार व्हावा, अशी अपेक्षा ठेवण्यात अवाजवी काही नाही.

मनगटाचा मार्ग रक्तस्रावाच्या याच भीतीतून पुढे आला. माँट्रियलचे ल्यूसियाँ कँपो यांनी १९८९ मध्ये रेडियल रोहिणीतून केलेल्या १०० अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला, पण तो तपासणीपुरता होता. स्टेंट नवे होते त्या काळात ते गुठळीने बंद पडू नयेत म्हणून रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे इतक्या प्रमाणात दिली जात की जांघेतले रक्त थांबवणे हीच मोठी डोकेदुखी होऊन बसली होती. ॲम्स्टरडॅमचे फर्डिनांड कीमेनेई यांनी १९९२ मध्ये मनगटातून अँजिओप्लास्टी सुरू केली आणि लगेचच त्याच वाटेने स्टेंटही बसवले. हे शक्य झाले कारण नळ्या बारीक होत गेल्या. आधीच्या पिढीच्या ८ फ्रेंच मापाच्या नळ्या मनगटात मावणाऱ्या नव्हत्या, ६ फ्रेंचच्या मावू लागल्या. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा ६ फ्रेंचची नळी २ मिलिमीटर जाडीची असते. भारतात ही पद्धत रुजवण्याचे मोठे श्रेय अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांना जाते. त्यांनी स्वतः हजारो रुग्णांवर ती वापरलीच, शिवाय देशोदेशीच्या डॉक्टरांना ती शिकवली.

पुराव्यांबद्दल नेमके बोलले पाहिजे, कारण या विषयावर उत्साहाच्या भरात जास्तीचे दावेही होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रायव्हल’ चाचणीत ३२ देशांतले ७,०२१ रुग्ण होते. मृत्यू, झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही मार्गांत जवळपास सारखेच निघाले, पण छिद्र पाडलेल्या जागी रोहिणीला होणारी मोठी इजा जांघेच्या गटात ३.७ टक्के होती, ती मनगटाच्या गटात १.४ टक्क्यांवर आली. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ रुग्णांपैकी मनगटाच्या गटात १.६ टक्के आणि जांघेच्या गटात २.२ टक्के रुग्ण दगावले. पुढे २०२० मध्ये कॅनडातल्या ‘सफारी’ चाचणीत मृत्यूच्या प्रमाणात काहीच फरक आढळला नाही. तिथले डॉक्टर दोन्ही मार्गांत तरबेज होते, हे तिच्याबद्दल सांगायलाच हवे. सात चाचण्यांतल्या २१,६०० रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये जे विश्लेषण झाले त्यात तीस दिवसांतले मृत्यू मनगटाच्या गटात १.६ टक्के आणि जांघेच्या गटात २.१ टक्के भरले, तर मोठा रक्तस्राव १.५ विरुद्ध २.७ टक्के होता. म्हणजे दर २०० रुग्णांमागे साधारण एक जीव. एका डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांत हा फरक कधीच जाणवणार नाही, पण लाखो अँजिओप्लास्टी होणाऱ्या देशाने त्याकडे दुर्लक्ष करणे मला समर्थनीय वाटत नाही. युरोपच्या २०१८ च्या आणि अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनगटाला पहिली पसंती दिली ती अशाच पुराव्यांवरून.

या चाचण्यांतली एक गोष्ट मला मृत्यूच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. ‘रायव्हल’मध्ये आणि ‘मॅट्रिक्स’मध्येही सर्वाधिक फायदा दिसला तो जिथे मनगटातून मोठ्या प्रमाणावर काम होते त्या केंद्रांत. मनगटाचे यश हातखंड्यावर अवलंबून आहे, आणि हातखंडा रोजच्या सरावाने येतो. एखाद्या रुग्णालयात दहातल्या आठ प्रक्रिया मनगटातून होतात की तीन, ही माहिती म्हणूनच रुग्णाच्या कामाची आहे.

आता बारीक नळ्यांकडे येऊ, कारण खरा अन्याय इथे होतो असे मला वाटते. रेडियल रोहिणीचा आतला व्यास साधारण २ ते ३ मिलिमीटर असतो, स्त्रियांत आणि लहानखुऱ्या बांध्याच्या माणसांत आणखी कमी. ६ फ्रेंचची नळी जरी २ मिलिमीटरची असली तरी ती ज्या आवरणातून, म्हणजे शीथमधून आत जाते, त्याची बाहेरची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर जाते. रोहिणीपेक्षा शीथ जाड झाली की रोहिणीची आतली बाजू सोलवटते, ती आक्रसते, नळी जागीच आवळून धरते, रुग्ण वेदनेने कळवळतो, आणि काही दिवसांनी ती रोहिणी कायमची बंद पडण्याची शक्यता वाढते. मग टेबलापाशी निर्णय होतो: हात लहान आहे, पायातून करू. हा निर्णय सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला येतो? वयस्क स्त्रियांच्या, कमी वजनाच्या आणि रक्तक्षय असलेल्या रुग्णांच्या. जांघेतला रक्तस्राव नेमका याच रुग्णांना सर्वाधिक होतो आणि सर्वाधिक महागातही पडतो. ज्यांना मनगटाचा लाभ सर्वांत मोठा, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळावा, हे चित्र बदलता येण्यासारखे आहे.

त्याची साधनेही उपलब्ध आहेत. आजचा बलूनवर चढवलेला स्टेंट जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो आणि साध्या अडथळ्यांसाठी ५ फ्रेंचच्या नळीतून तो व्यवस्थित जातो. जपानी डॉक्टरांनी या दिशेने मोठे काम केले आहे, कारण त्यांच्या रुग्णांच्या रोहिण्या आपल्यासारख्याच लहान असतात. भिंत पातळ करून आतली जागा तेवढीच ठेवलेल्या शीथ तिथल्या कंपन्यांनी आणल्या. शीथ टाळून थेट आत सरकवायच्या नळ्याही निघाल्या, आणि त्यातली साडेसहा फ्रेंचची नळी बाहेरून मोजली तर नेहमीच्या ५ फ्रेंच शीथपेक्षाही बारीक भरते. बारीक नळीला मर्यादा आहेत. रोहिणीला जिथे फाटा फुटतो तिथे दोन बलून एकदम फुगवायचे असतील किंवा चुन्याने दगड झालेला थर घासून काढायचा असेल, तर जास्त जागा लागते आणि नळीला भक्कम टेकूही हवा असतो. अशा रुग्णासाठी डॉक्टरने जाड नळी किंवा जांघ निवडली तर ती निवड योग्यच म्हणावी लागेल. पण ‘आमच्याकडे ५ फ्रेंच नाही’ हे कारण वेगळ्या जातीचे आहे. ते रुग्णाच्या शरीरातून येत नाही, रुग्णालयाच्या खरेदीतून येते.

खरेदीच्या प्रश्नालाही आपल्याकडे एक इतिहास आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. त्या आदेशाने कित्येक कुटुंबांचे कर्ज टळले आणि मी त्याचा पूर्ण समर्थक आहे. मात्र ती मर्यादा स्टेंटपुरती होती. शीथ, मार्गदर्शक नळी, तार आणि बलून तिच्या कक्षेत आले नाहीत. सरकारी योजनेत तर संपूर्ण प्रक्रियेला एकच ठरावीक रक्कम मिळते, आणि त्या रकमेत चांगली पातळ शीथ बसवली तर रुग्णालयाच्या हाती उरणारा पैसा कमी होतो. एकदाच वापरायची साधने धुऊन पुन्हा वापरण्याची प्रवृत्तीही याच ओढाताणीत फोफावते. अतिशय बारीक नळीच्या बाबतीत ती जास्त धोक्याची आहे, कारण निसरडा लेप एकदा उतरला की तीच नळी लहान रोहिणीला ओरबाडू लागते. योजनेने मनगटासाठीच्या साधनांचा खर्च वेगळा धरला, तर हा पेच बराच सुटेल.

नळी बाहेर काढल्यावर जे होते त्याकडे लोकांचे लक्ष फारसे जात नाही, आणि माझ्या मते मनगटाच्या पद्धतीचा कस तिथेच लागतो. मनगटावर एक पारदर्शक पट्टा बांधतात, त्यातल्या छोट्या फुग्यात हवा भरतात आणि रोहिणी दाबून धरतात. सोपी रीत म्हणजे भरपूर हवा भरायची, रक्त पूर्ण थांबवायचे आणि चार-पाच तासांनी पट्टा काढायचा. पण इतका वेळ रोहिणीतला प्रवाह पूर्ण थांबला तर आत गुठळी होऊन ती बंद पडते. योग्य रीत थोडी वेळखाऊ आहे. त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावायचा, करंगळीच्या बाजूची अल्नर रोहिणी बोटाने दाबून धरायची आणि पट्ट्यातली हवा थोडी थोडी सोडत पडद्यावर लाट पुन्हा उमटते का ते पाहायचे. लाट उमटली आणि छिद्रातून रक्तही येत नसेल, तर पट्टा बरोबर बसला, रोहिणी वाहती आहे. डॉ. समीर पंचोली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४३६ रुग्णांवर हे तपासले. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या दिवशी १२ टक्के रुग्णांची रोहिणी बंद आढळली होती, या काळजीपूर्वक पद्धतीत ती ५ टक्क्यांची झाली. महिन्यानंतर ते प्रमाण ७ आणि १.८ टक्के होते.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती पंधरा-पंधरा मिनिटांनी पट्ट्याजवळ येणारी, लाट वाचता येणारी परिचारिका. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे वॉर्डभर रुग्ण असतील तर हे होणार नाही आणि पट्टा सकाळपर्यंत तसाच आवळलेला राहील. रोहिणी बंद पडली तरी हाताला त्रास होत नाही, हे बहुतेकदा खरे असल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. पण त्याच माणसाला पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी लागली तर ही वाट गेलेली असते. बायपासच्या वेळी तीच रोहिणी कलम म्हणून वापरता आली असती. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे हातातली रोहिणी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडण्यासाठी, हातातल्या रोहिण्या राखून ठेवणे मोलाचे असते, त्यामुळे अशा रुग्णात मनगटाचा आग्रह धरण्याआधी मूत्रपिंडतज्ज्ञाशी बोलणे आवश्यक आहे. मनगट सुरक्षित आहे याचा अर्थ त्याची निष्काळजीपणे हाताळणी चालते असा होत नाही, हे मनगटाच्या पुरस्कर्त्यांनी अधिक मोठ्याने सांगितले पाहिजे.

जांघेची बाजू घेणाऱ्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यातले काही रास्त आहेत. मनगटातून काम शिकताना सुरुवातीला वेळ जास्त लागतो, क्ष-किरणांचा मारा थोडा वाढतो, खांद्यापाशी रोहिणी वळणावळणाची निघाली तर नळी पुढे सरकत नाही आणि अखेर जांघेकडे वळावेच लागते. सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: सगळेच मनगटातून करू लागले तर जांघेतून नीट काम करणारी पिढी उरणार नाही, आणि ज्या थोड्या अत्यवस्थ रुग्णांना जांघच लागेल त्यांचे हाल होतील. ही भीती खोटी नाही. त्यावरचा उपाय म्हणजे जांघेत सुई घालताना सोनोग्राफीचा वापर सक्तीचा करणे आणि शिकाऊ डॉक्टरांना ते तंत्र नियोजनपूर्वक शिकवणे. सरावासाठी म्हणून सामान्य रुग्णांच्या जांघा वापरत राहणे हा उपाय होऊ शकत नाही.

रुग्णाच्या सोयीचा मुद्दा डॉक्टरी चर्चेत दुय्यम मानला जातो, त्याला मी दुय्यम मानत नाही. जांघेतून प्रक्रिया झाल्यावर वाळूची पिशवी ठेवून पाच-सहा तास पाय सरळ ठेवून उताणे पडावे लागते, लघवीसाठी भांडे मागावे लागते, पाठ अवघडते. सर्वसाधारण वॉर्डात, पडद्याआडही नीट आडोसा नसताना, हे एका साठीच्या बाईला किती जड जात असेल याची कल्पना करणे अवघड नाही. मनगटातून झालेली व्यक्ती थोड्या वेळात उठून स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात जाते. अमेरिकेत फक्त स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत पुढच्या वेळी मनगटच हवे असे सांगणाऱ्या स्त्रिया स्पष्टपणे जास्त होत्या. घरी सोडताना मात्र दोन-तीन दिवस त्या हाताने कळशी उचलू नये, कणीक मळू नये, दुचाकी चालवू नये, हे मराठीत लिहून दिले पाहिजे. ‘जड वस्तू उचलू नये’ एवढ्या वाक्याने घरातल्या बाईचे काम थांबत नाही.

एक धोका मनगटाच्या यशातूनच निर्माण होतो. प्रक्रिया सोपी झाली, रुग्ण दुसऱ्या दिवशी किंवा त्याच दिवशी घरी जाऊ लागला, की ती करण्याचा मोहही वाढतो. झटका आलेला नसताना, औषधांनी छातीतले दुखणे आटोक्यात असताना स्टेंट टाकल्याने आयुष्य वाढत नाही, हे २००७ च्या ‘करेज’ आणि २०२० च्या ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे. अनावश्यक स्टेंट मनगटातून टाकला म्हणून आवश्यक ठरत नाही. म्हणून मार्गाच्या नोंदीबरोबर प्रक्रियेच्या कारणाची नोंदही मागितली पाहिजे.

अमेरिकेत २००७ च्या सुमारास मनगटातून होणाऱ्या अँजिओप्लास्टीचे प्रमाण जेमतेम १.२ टक्के होते, २०१२ पर्यंत ते १६ टक्क्यांवर गेले आणि पुढेही वाढत राहिले. ही वाढ राष्ट्रीय नोंदवहीत दिसत असल्यामुळे कोण मागे आहे हेही दिसले. ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक काम जांघेतून होत असे, आज ते बहुतांश मनगटातून होते, आणि तिथे हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक तपासणीत रुग्णालयनिहाय प्रमाण प्रसिद्ध होते. शिक्षा किंवा दंड न करताही सवयी बदलतात, कारण आपले रुग्णालय यादीच्या तळाशी असल्याचे कोणत्याही विभागप्रमुखाला आवडत नाही.

महाराष्ट्राला हे करणे कठीण नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते आणि तिच्याकडे प्रत्येक प्रकरणाचे कागद ऑनलाइन जमा होतात. कॅथलॅबच्या प्रत्येक अहवालात मार्ग आणि नळीचे माप एका ओळीत लिहिलेलेच असते. दाव्याच्या अर्जात चार रकाने वाढवायचे आहेत: मार्ग, शीथचे माप, जांघ निवडली असल्यास तिचे कारण, आणि घरी सोडण्यापूर्वी रक्त द्यावे लागले का. घरी सोडताना मनगटाची नाडी लागते की नाही, हा पाचवा रकाना घातला तर वॉर्डातल्या पट्ट्याकडे आपोआप लक्ष जाईल. ज्या रुग्णालयांत स्त्रियांचे मनगटाचे प्रमाण पुरुषांपेक्षा फार कमी आढळेल, त्यांना योजनेच्या जिल्हा समन्वयकाने पहिला प्रश्न विचारावा तो एवढाच, की तुमच्या कपाटात ५ फ्रेंचच्या नळ्या आणि पातळ शीथ आहेत का.